किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची बायपास: डाव्या हातात फिस्टुला चालू आहे, तयारी काय करावी?

डिचोलीचा दवाखाना

नमस्कार मंडळी. माहिती अर्धी दिली तर उत्तरेही अर्धीच येतील, म्हणून सगळे लिहितो.

रुग्ण ५८ वर्षांचे, वजन ६४ किलो. नऊ वर्षांपूर्वी पत्नीची किडनी बसवली आहे, उजव्या बाजूला ओटीपोटात. क्रिएटिनिन दोन वर्षे १.५ ते १.६ वर स्थिर, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ५० च्या आसपास. प्रत्यारोपणानंतर मधुमेह लागला, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. गोळ्या अशा: टॅक्रोलिमस १.५ मिग्रॅ सकाळी ९ आणि रात्री ९, मायकोफेनोलेट सोडियम ३६० दोनदा, प्रेडनिसोलोन ५ (या तिन्ही किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या), टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, ॲटोर्व्हास्टॅटिन २०, डापाग्लिफ्लोझिन १०, ॲस्पिरिन ७५ आणि अँजिओग्राफीनंतर सुरू केलेले क्लोपिडोग्रेल ७५. टॅक्रोलिमसची रक्तातली शेवटची लेव्हल ६.२.

अँजिओग्राफीत लेफ्ट मेनला (हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीला) ७० टक्के आणि तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे. ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) ४५ टक्के. छातीत दुखणे चालताना येते, बसल्याजागी नाही. डाव्या कोपराचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) कोणी बंद केलेला नाही, हात लावला की थ्रिल (रक्ताची थरथर) चांगली लागते.

हृदयाच्या टीमने बायपास सुचवली आहे. घरच्यांना एकच धास्ती: हृदय सुधारेल आणि किडनी जाईल. स्टेंटवर भागणार नाही का, असे रोज विचारतात. मला विचारायचे ते असे की या रुग्णांत निकाल खरोखर किती वेगळे असतात, आणि दवाखान्यातून पाठवताना व परत आल्यावर मी नेमके काय सांभाळावे?

बांबोळी पठार (हृदयशल्य)

आधी आकड्यांचे. प्रत्यारोपण झालेल्यांत बायपास की स्टेंट याची समोरासमोर मोठी चाचणी झालेली नाही. जे आहे ते नोंदींवर आधारलेले. अमेरिकेतल्या नोंदींचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अजून सगळीकडे वापरतात: इस्पितळातच मृत्यू स्टेंटमध्ये २.३ टक्के, बायपासमध्ये ५ टक्के. म्हणजे दारातला धोका बायपासचा जास्त. पण दोन वर्षांनी चित्र बदलते. छातीच्या आतली धमनी (मॅमरी) वापरून केलेल्या बायपासमध्ये आणि स्टेंटमध्ये साधारण ८२ टक्के रुग्ण हयात होते. मॅमरी न वापरता फक्त पायाच्या शिरांवर केलेल्या बायपासमध्ये मात्र ७४ टक्के. त्या शस्त्रक्रिया १९९० च्या दशकातल्या आहेत, तेव्हाचे स्टेंट आजचे नव्हेत, हे धरूनच वाचा. शिवाय मॅमरी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, यामागे रुग्णाची मूळ तब्येतही असतेच.

तुमच्या रुग्णाला लेफ्ट मेन, तिन्ही वाहिन्या, मधुमेह आणि कमी झालेला ईएफ आहे. अशा वेळी बायपासच, फारसा वाद नाही. २०२० च्या इस्केमिया-सीकेडी चाचणीचा दाखला देऊन कोणी 'औषधांवर ठेवा' म्हणेल, तर ती चाचणी ईजीएफआर ३० च्या खालच्या किंवा डायलिसिसवरच्या स्थिर रुग्णांची होती आणि लेफ्ट मेनचे रुग्ण तीत घेतलेच नव्हते. इथे लागू नाही.

आणखी एक. युरोस्कोर दोन (शस्त्रक्रियेतला धोका मोजायचे गणित) काढून घरच्यांना आकडा दाखवत असाल तर त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा रकानाच नाही. एसटीएस या दुसऱ्या स्कोरमध्ये आहे. तो काढा.

आता खरी अडचण, म्हणजे डावा हात. डावी मॅमरी डाव्या सबक्लेव्हियन (हाताकडे जाणाऱ्या) धमनीतून निघते आणि फिस्टुलाही त्याच धमनीच्या पुढच्या टोकाला बसलेला. फिस्टुला रक्त ओढतो. त्याचा फ्लो मोठा असेल तर मॅमरीतून हृदयाकडे जायचे रक्त हाताकडे वळते, कधी उलटेसुद्धा वाहते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते आणि रुग्णाला तरीही छातीत दुखते, कधी नेमके डायलिसिस किंवा हाताचे काम चालू असताना.

म्हणून आधी डॉप्लरवर फिस्टुलाचा फ्लो मोजून घ्या. मिनिटाला ६०० ते ८०० मिली असेल तर फार चिंता नाही. दीड-दोन लिटर असेल तर डावी मॅमरी जागेवरून वापरणे म्हणजे जाणूनबुजून खड्ड्यात पाय. सबक्लेव्हियनला अरुंदपणा आहे का तेही बघायला हवे. एरवी दोन्ही हातांचे बीपी मोजून अंदाज येतो, पण फिस्टुलाच्या हाताला पट्टा लावायचा नसतो, त्यामुळे अँजिओच्या चित्रफितीत सबक्लेव्हियनचा शॉट घेतला आहे का ते विचारा. नसेल तर डुप्लेक्स (डॉप्लरसह सोनोग्राफी).

माझा कल: नऊ वर्षे किडनी स्थिर आहे, फ्लो मोठा निघाला तर फिस्टुला बायपासच्या आधी बांधून टाकावा. फिस्टुला बंद केल्यावर डाव्या कप्प्याचा जाडपणा कमी होतो हे स्थिर प्रत्यारोपण रुग्णांवरच्या २०१९ च्या चाचणीत दिसले आहेच. हृदयाचा दुहेरी फायदा.

हातातली रेडियल धमनी ग्राफ्टसाठी काढू देऊ नका, दोन्हीकडची. पुढे कधी फिस्टुला लागला तर ती हवी. आणि कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रव) न देता छातीचा सीटी करून महाधमनीत चुना किती आहे ते बघून ठेवावे. जुन्या किडनीरुग्णांच्या महाधमन्या कवचासारख्या कडक असतात, क्लॅम्प लावला की तुकडे मेंदूत.

नेफ्रो मडगाव

फिस्टुला बांधण्याच्या मताशी मी सहमत नाही, निदान आत्ता तरी नाही. बायपासनंतरच्या पहिल्या आठवड्यात या माणसाला तात्पुरत्या डायलिसिसची गरज पडण्याची शक्यता खरी आहे. तेव्हा चालता फिस्टुला हाताशी असणे म्हणजे मानेत मोठा कॅथेटर टाकणे वाचते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या, ताजी छाती उघडलेल्या रुग्णात कॅथेटरचा जंतुसंसर्ग ही सगळ्यात नको असलेली गोष्ट. फ्लो मोठा निघाला तर उजवी मॅमरी एलएडीला (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीला), किंवा डावी मॅमरी मुळापासून सोडवून महाधमनीवर जोडणे, किंवा फिस्टुला बांधण्याऐवजी पट्टी घालून अरुंद करणे, हे तीन पर्याय आहेत. किडनी शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली की सहा महिन्यांनी बांधायचे ते बांधा.

आता अँजिओग्राफीचा हिशेब. कॉन्ट्रास्टने क्रिएटिनिन चढायचे असेल तर ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर पोचते. क्लोपिडोग्रेल थांबवून पाच दिवस वाट बघायचीच आहे, तेवढ्यात हेही कळते. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी क्रिएटिनिन व पोटॅशियम करा. मूळ पातळीवर परतले की तारीख घ्या. छातीत दुखणे बसल्याजागी सुरू झाले तर मात्र हा हिशेब गुंडाळून ठेवायचा. ॲसिटिलसिस्टीनची पाकिटे देऊ नका, २०१८ च्या प्रिझर्व्ह चाचणीत काही उपयोग दिसला नाही. साधे सलाईन, तेही ईएफ बघून.

थांबवायची औषधे: डापाग्लिफ्लोझिन किमान तीन पूर्ण दिवस आधी. हे विसरले जाते, कारण ती 'हृदयाची आणि किडनीची चांगली गोळी' म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. न थांबवल्यास उपाशी रुग्णात साखर १६० असतानाही किटोॲसिडोसिस (रक्तात किटोनचे आम्ल साचणे) होतो, आणि आयसीयूत तो लॅक्टेट समजून दोन दिवस भलतीकडे उपचार चालतात. टेल्मिसार्टन आदल्या दिवशीपासून बंद. ॲस्पिरिन चालू.

चालू ठेवायची: तिन्ही प्रत्यारोपणाच्या गोळ्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी टॅक्रोलिमस घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळेला. 'उपाशी आहे म्हणून सगळे बंद' असा सरसकट आदेश फाईलवर पडतो आणि दोन-तीन डोस गळतात. हे टाळायचे असेल तर तुमच्या पत्रात टॅक्रोलिमसची ओळ वेगळ्या शाईने लिहा.

शस्त्रक्रियेनंतर क्रिएटिनिन चढले (४८ तासांत ०.३ किंवा सात दिवसांत दीडपट) तर लगेच रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस सुरू करू नयेत. पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा कारण साधे असते: लघवीचा कॅथेटर तुंबलेला, रक्तदाब कमी राहिलेला, हृदयाभोवती रक्त साचून शिरांचा दाब वाढलेला, किंवा टॅक्रोलिमस चढलेले. या क्रमाने बघा. प्रत्यारोपित किडनी कातडीच्या जवळ असते, खाटेवरच दहा मिनिटांत डॉप्लर होतो. बायोप्सी शेवटी, आणि दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तर विचार करूनच. आंधळेपणाने स्टेरॉइड दिले आणि छातीचे हाड पिकले, तर किडनी वाचूनही माणूस जातो.

रक्त लागले तर पांढऱ्या पेशी गाळलेले मागवा. या किडनीचे आयुष्य कधीतरी संपणार, तेव्हा दुसऱ्या प्रत्यारोपणात आज चढवलेल्या रक्तामुळे तयार झालेल्या अँटिबॉडी आडव्या येतात.

पंपाजवळचा

परफ्युजनच्या (शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसाचे काम करणारा पंप चालवण्याच्या) बाजूने थोडक्यात.

प्रत्यारोपित किडनीला मज्जातंतूंचा पुरवठा नसतो आणि टॅक्रोलिमसने तिच्या आत येणाऱ्या बारीक धमन्या आधीच आवळलेल्या असतात. त्यामुळे दाब पडला की ती स्वतःला सावरू शकत नाही. पंपावर सरासरी दाब ५०-५५ वर 'चालते' म्हणून सोडू नये, ७० ते ८० धरावा. दाबापेक्षाही ऑक्सिजनचा पुरवठा महत्त्वाचा: शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला मिनिटाला २८० मिलीच्या वर. त्यासाठी प्रायमिंगचे (पंपाच्या नळ्या आधी भरायचे) पाणी कमी ठेवावे, रुग्णाचे स्वतःचे रक्त उलटे भरून घ्यावे, हिमॅटोक्रिट २४ च्या खाली जाऊ देऊ नये. स्टार्चचे द्रव अजिबात नकोत.

चालू फिस्टुला असेल तर पंपाचा फ्लो फसवतो. मीटरवर चौरस मीटरला २.४ लिटर दिसतो, पण त्यातला मोठा हिस्सा फिस्टुलातून थेट शिरेत परततो. शिरेतल्या रक्ताची सॅच्युरेशनही खोटी चांगली दिसते. मोजलेला फिस्टुलाचा फ्लो टीमला आधी कळवा म्हणजे तेवढा वाढवून चालवता येतो. लघवी आणि लॅक्टेट हेच खरे.

पोटॅशियम: टॅक्रोलिमस, टेल्मिसार्टन आणि वर कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवायचे पोटॅशियमचे द्रव). त्यातली डेल निडो प्रकारची वापरली तर बहुतेक एका डोसात भागते. पाचच्या वर गेले तर पंपावरच अल्ट्राफिल्ट्रेशन लावून धुता येते.

ऑफ-पंप (पंपाशिवाय, चालत्या हृदयावर) करा असा आग्रह होईल. 'कोरोनरी' नावाच्या चाचणीत ऑफ-पंपमुळे सुरुवातीची किडनीची इजा कमी झाली, पण वर्षभराने किडनीचे काम दोन्हीकडे सारखेच होते. डावा कप्पा मोठा असताना हृदय उचलून धरले की दाब ५० वर येतो, तेव्हा ऑफ-पंपही किडनीला मारतोच. सर्जनचा हात ज्यात बसला आहे ते करू द्या.

भूल आणि आयसीयू, पणजी

रेषा (रक्तवाहिन्यांतल्या नळ्या, लाईन) कुठे टाकायच्या हे आधी ठरवा, नाहीतर घाईत चूक होते. धमनीची रेषा उजव्या मनगटात. डाव्या हाताला सुई नाही, पट्टा नाही, घट्ट गुंडाळणे नाही, आणि आयसीयूत दर तासाला थ्रिल बघून चार्टवर लिहायचे. किडनी उजवीकडे आहे, म्हणून उजव्या जांघेत काहीही नको: ना शीथ, ना कॅथेटर, ना बलून पंप (हृदयाला आधार द्यायला जांघेतून टाकतात तो). नव्या किडनीची धमनी आणि शीर त्याच बाजूच्या इलियाक वाहिन्यांना जोडलेल्या असतात. बलून लागलाच तर डावीकडून. हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण बलून रात्री दोन वाजता लागतो आणि तेव्हा हजर असलेल्या माणसाने जुनी फाईल वाचलेली नसते.

मानेतली रेषा उजवीकडे टाकतात, पण जुने डायलिसिस कॅथेटर त्याच बाजूला होते का ते विचारा. तिथली शीर आत आवळलेली असू शकते. चेहरा सुजणे, छातीवर फुगलेल्या शिरा असे काही दिसते का, एवढे तुम्ही दवाखान्यातच बघू शकता.

स्टेरॉइड: रोज ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षे, म्हणजे अंगातले स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी झोपलेली. भुलीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ, मग २४ तासांत २०० मिग्रॅ ड्रिपने किंवा दर सहा तासांनी ५०. तोंडाने सुरू झाले की दोन दिवस दुप्पट गोळी आणि मग मूळ ५. कारण न कळता बीपी पडत असेल आणि नॉरॲड्रेनालिन वाढवत नेत असतील, तर हा डोस दिला गेला का हे आधी विचारा.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक काही नाही. एकदासुद्धा नाही. पॅरासिटामॉल, फेंटानिल, छातीच्या हाडाशेजारचा ब्लॉक. मॉर्फिनचे अवशेष किडनी मंद असताना साचतात. प्रतिजैविकांत जेंटामायसिन, अमिकासिन नको. सेफाझोलिन वेळेवर, चिरेच्या आधी एक तासाच्या आत, आणि ४८ तासांच्या पुढे ओढू नये.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) येते. टॅक्रोलिमस लघवीतून मॅग्नेशियम घालवते, त्यामुळे यांच्यात मॅग्नेशियम रोज बघून २ च्या वर ठेवावे. आधी मेटोप्रोलॉल. डिल्टियाझेम, व्हेरापामिल टाळा. अमिओडॅरोन द्यायलाच लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल दिवसाआड.

साखर १४० ते १८०, इन्सुलिन ड्रिपवर. ७.९ साठी लेफ्ट मेनची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

डिचोलीचा दवाखाना

देव बरे करो सगळ्यांचे. फिस्टुलाचा डॉप्लर सोमवारी करून घेतो. दोन शंका उरल्या. व्हेंटिलेटरवर असताना या गोळ्या नळीतून कशा जातात? मायकोफेनोलेट सोडियमच्या पाकिटावर 'चुरू नये' असे लिहिले आहे. आणि घरी आल्यावर लेव्हल किती वेळा, कुठे? अहवाल यायला वेळ लागला तर त्या दिवसात काय करायचे?

फोंड्याची औषधवाली

नमस्कार डॉक्टर. पाकिटावरचे बरोबर आहे. मायकोफेनोलेट सोडियमला आतड्यात विरघळणारे आवरण असते, चुरली की फुकट. नळीतून द्यायचे असेल तर मायकोफेनोलेट मोफेटिलवर यावे लागते: ३६० सोडियम म्हणजे ५०० मोफेटिल. पातळ औषध मिळाले तर उत्तम. कॅप्सूल फोडावी लागली तर मास्क आणि हातमोजे घालून, आणि गरोदर परिचारिकेने ते काम करू नये, गर्भाला घातक आहे.

टॅक्रोलिमसची साधी कॅप्सूल उघडून पाण्यात कालवून नळीतून जाते, मागून ३० मिली पाणी आणि अर्धा-एक तास नळी बंद. ते पीव्हीसीला चिकटते, म्हणून नळी कशाची आहे ते बघायचे. दिवसातून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची कॅप्सूल असेल तर ती उघडायची नाही. काही ठिकाणी कॅप्सूल उघडून जिभेखाली, तोंडाच्या निम्म्या डोसात देतात. शिरेतून शक्यतो नको, ज्या रेषेतून गेले त्याच रेषेतून नमुना घेतला तर लेव्हल भलतीच वर येते.

सगळ्यात जास्त गोंधळ नमुन्याच्या वेळेचा. लेव्हल म्हणजे डोसच्या अगदी आधीची, बारा तासांची. रुग्ण सकाळी ९ ची गोळी घेऊन, चहा पिऊन १० वाजता म्हापशाच्या लॅबमध्ये पोचतो आणि अहवाल १४ येतो. मग कोणीतरी डोस कमी करतो आणि दोन आठवड्यांनी खरोखर लेव्हल ३ होते. म्हणून गोळी खिशात घेऊन जा, साडेआठला रक्त द्या, मग तिथेच गोळी घ्या. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी, रक्त जसेच्या तसे, सीरम नाही. नमुना गोव्याबाहेर जाणार असेल तर अहवालाला किती दिवस लागतील ते आधी विचारून घ्या आणि तो शुक्रवारी देऊ नका.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा क्रिएटिनिन, पोटॅशियम, लेव्हल. मग महिनाभर आठवड्याला एकदा. अहवाल येईपर्यंत डोस बदलायचा नाही, पण हात थरथरायला लागले, डोके दुखते, झोप नाही, असे झाले तर लेव्हल चढलेली असू शकते, वाट न बघता किडनीच्या डॉक्टरांना फोन. जुलाब लागले तरीही चढते, उतरत नाही. लोकांना उलटे वाटते.

नव्या चिठ्ठीवर ही नावे दिसली तर औषध देण्याआधी थांबा: अमिओडॅरोन, डिल्टियाझेम, फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी लेव्हल चढते. अमिओडॅरोन अंगात महिनोन्महिने राहते, म्हणून ते बंद केल्यावरही लेव्हल हळूहळू उतरत जाते आणि डोस पुन्हा वाढवावा लागतो, हे दुसरे टोक लोक विसरतात. रिफॅम्पिसिन, फेनिटोइन यांनी लेव्हल कोसळते. खोकल्याला प्रतिजैविक द्यायचेच असेल तर ॲझिथ्रोमायसिन त्यातल्या त्यात बरे. ॲटोर्व्हास्टॅटिन बायपासनंतर ४० वर नेतील, टॅक्रोलिमसबरोबर चालते. सायक्लोस्पोरिन असते तर चालले नसते.

कंपनी बदलू नका. दुकानात तोच ब्रँड नसला तर 'तेच आहे, घ्या' म्हणून दुसरा खपवतात. बदलावाच लागला तर आठवड्याने लेव्हल.

नेफ्रो मडगाव

ताईंच्या यादीत एक भर. इस्पितळातून बाहेर पडताना पोटासाठी पँटोप्रॅझोल देतात. मायकोफेनोलेट सोडियमला त्याने फार फरक पडत नाही, पण नळीसाठी मोफेटिलवर आणले आणि तसेच राहून गेले तर शोषण घटते. घरी जाताना परत सोडियमवर आणा. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे पांढरे ॲसिडिटीचे औषध तर मायकोफेनोलेटबरोबर नकोच, दोन तासांचे अंतर.

जखमेची सिस्टर

घरच्या बाजूचे लिहिते, हे कोणी लिहीत नाही.

शस्त्रक्रियेआधी पाच दिवस नाकात मुपिरोसिन दोनदा आणि क्लोरहेक्सिडिनने आंघोळ. घरूनच सुरू करता येते, तुम्ही लिहून द्या.

स्टेरॉइडची कातडी कागदासारखी असते. पायाची शीर दुर्बिणीने काढली तर जखम लहान राहते, विचारून बघा. टाके नेहमीपेक्षा चार-पाच दिवस उशिराच काढा. चिकटपट्टी ओढून काढली की कातडी सोबत येते, ओली करून सोडवा.

ताप येईलच असे धरू नका. या गोळ्यांवर ताप ९९.५ वरच थांबतो आणि पांढऱ्या पेशीही वाढत नाहीत. त्यामुळे तुमच्या दवाखान्यात आल्यावर शर्ट काढायला लावा. खोकताना छातीवर हात ठेवला की हाडाचा 'कट' असा आवाज किंवा हालचाल, जखमेच्या खालच्या टोकाला चिकट पाणी, नवे दुखणे. यातले एकही असले तर तोंडाने प्रतिजैविक सुरू करून 'दोन दिवसांनी या' असे करू नका. त्याच दिवशी सर्जनकडे.

पावसाळा असेल तर पायाची जखम भरेपर्यंत कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत), शेतात, साचलेल्या पाण्यात पाय नाही. लेप्टो इथे दरवर्षी असतो आणि तो थेट किडनीवर जातो.

भेटायला येणारे शहाळे आणतात. टॅक्रोलिमस आणि टेल्मिसार्टन चालू असताना पोटॅशियम ५.५ व्हायला दोन शहाळी पुरतात. माटोळीचे (चतुर्थीला गणपतीवर फळे टांगतात तिचे) तोरंजन, म्हणजे पपनस, चवीपुरतेही नको, टॅक्रोलिमस चढते. आणि कोलेस्टेरॉलसाठी बिंबलांचा (आंबट हिरव्या फळांचा) रस पिणारे आहेत. त्यात ऑक्झॅलेट इतके असते की चांगल्या किडन्याही बंद पडल्या आहेत, केरळात तशा नोंदी झाल्या आहेत. आमटीत एखादे बिंबल पडले तर काही नाही, पेलाभर रस नको. गुळवेलीचा काढाही नको.

बांबोळी पठार

फिस्टुलाबद्दल नेफ्रोंचे म्हणणे पटण्यासारखे आहे, डायलिसिसची बाजू मी कमी धरली होती. मग असे करता येईल: फ्लो एक लिटरच्या आत असेल तर डावी मॅमरी जागेवरूनच, आणि ग्राफ्ट जोडल्यावर ट्रान्झिट टाइमने (ग्राफ्टवर धरायच्या फ्लोमीटरने) फ्लो दोनदा मोजायचा, फिस्टुला बोटाने दाबून आणि सोडून. सोडल्यावर फ्लो निम्म्यावर आला तर तिथेच मॅमरी मुळापासून सोडवून महाधमनीवर घेता येते. फ्लो दीड लिटरच्या वर असेल तर सरळ उजवी मॅमरी एलएडीला. दोन्ही मॅमरी एकदम काढू नयेत, मधुमेह आणि स्टेरॉइड असताना छातीच्या हाडाचे रक्त तुटते. एक लिटर ते दीडच्या मधला आकडा आला तर तो इथे टाका, बोलू.

खर्चाचे घरचे विचारतील: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्डाची मर्यादा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्तींना चार लाख. नूतनीकरण झालेले आहे का ते दाखल होण्याआधी बघा.

डिचोलीचा दवाखाना

डॉप्लर झाला. फिस्टुलाचा फ्लो मिनिटाला ११५० मिली, डाव्या सबक्लेव्हियनला अरुंदपणा नाही. तिसऱ्या दिवसाचे क्रिएटिनिन १.७, पाचव्या दिवशी १.६, पोटॅशियम ४.९. डापाग्लिफ्लोझिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद केले आहेत.

बांबोळी पठार

म्हणजे नेमका मधलाच. डावी मॅमरी जागेवरून घ्यायला हरकत नाही, पण दाबून-सोडून मोजल्याशिवाय छाती बंद करायची नाही, आणि उजवी मॅमरी न दुखावता तशीच राखून ठेवायची. हा आकडा आणि ही अट दोन्ही पत्रात लिहा. पंपाजवळच्यांनाही ११५० कळू द्या.

पंपाजवळचा

कळले. ६४ किलोला चौरस मीटरच्या हिशेबाने मीटरवर साधारण चार लिटर येतील, त्यावर एक लिटर जास्त धरून चालवावे लागेल. शिरेची कॅन्युला त्या मापाची हवी, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.